प्रतिष्ठान : गोदाकाठची राजधानी आणि तिचे थर

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शेवगावहून निघालेला प्रवासी तासाभराच्या आत गोदावरीचा पूल ओलांडून पैठणात पोचतो. डाव्या हाताला जायकवाडी धरणाची सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत दिसते. पुढे घाट, संत एकनाथांचे समाधिमंदिर, पैठणीचे माग. अहिल्यानगर जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांची पैठणशी ओळख येथपर्यंतच असते. वारकरी नाथषष्ठीला जातात, श्रावक-श्राविका शनि-अमावास्येला मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला जातात आणि लग्नसराईत वस्त्रखरेदीसाठी सर्वच जातात. ज्या नगरातून एके काळी दक्षिणापथाचा कारभार चालला, ते प्रतिष्ठान नगर मात्र याच गावाच्या पायाखाली निजले आहे, आणि त्याच्या एका थराशी जैन समाजाचा वर्षातला सर्वांत पवित्र दिवस बांधलेला आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय तो थर आहे. पण तो समजण्यासाठी खालचे-वरचे थरही थोडेफार पाहावे लागतील.

शेतकऱ्यांच्या बोलीत शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. मातीची घरे पडतात, त्यांच्याच मातीवर नवी उभी राहतात. राख, शेणमाती, फुटकी खापरे यांचा थरावर थर चढतो आणि शतकांनंतर गाव भोवतालच्या रानापेक्षा उंच झालेले दिसते. पैठणची पांढरी अशी दोन हजार वर्षांहून अधिक काळ चढत आलेली आहे. पावसाळ्यात टेकाडाची माती धुपली की नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती आपोआप वर येतात. अशाच वस्तू जन्मभर गोळा करणाऱ्या बाळासाहेब पाटील यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज पैठणमध्ये आहे. शास्त्रशुद्ध उत्खनन मात्र या मानाने फार थोडे झाले. १९३७ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने खणले, १९६५-६६ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खणले आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वेक्षण व ब्रिटिश संशोधक यांनी मिळून नागघाटापाशी काम केले. त्या शेवटच्या उत्खननाचा अहवाल प्रसिद्ध व्हायला २०२० साल उजाडले. जिवंत गावाखाली दडलेल्या राजधानीचे हेच दुर्दैव असते. वर लोक नांदत आहेत, त्यांची घरे उचलून खाली कोण पाहणार?

प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी होती, हे शाळेत प्रत्येकाने पाठ केलेले वाक्य आहे. ते कशाच्या आधारावर म्हटले जाते, हे पाहण्यासारखे आहे. नाणेघाटात राणी नागनिकेचा मोठा लेख आहे, नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी कोरून ठेवली आहे. पण ‘प्रतिष्ठान ही आमची राजधानी’ असे वाक्य सातवाहनांच्या या प्रमुख लेखांत सापडत नाही. ते सांगणारा साक्षीदार परका आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक भूगोलकार टॉलेमी याने ‘बैठण’ हे सिरो पोलेमायसचे, म्हणजे श्री पुळुमावीचे, राजनगर असल्याचे नोंदवले. त्याच्याआधी सुमारे शंभर वर्षे ‘पेरिप्लस’ या व्यापारी प्रवासवर्णनाच्या अनामिक कर्त्याने भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याचे लिहिले. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जात आणि तेथून समुद्रापार रोमन जगात पोचत.

या वाटेवरची माणसे कोण होती, तेही थोडेसे कळते. कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यातील खांबांवर प्रतिष्ठानच्या दात्यांची नावे आहेत. त्यांत मितदेव नावाचा एक गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आहे. दान बौद्ध संघाला आहे. पण अत्तराच्या व्यापारातून मिळवलेले धन धर्मकार्याला लावण्याची रीत पाहून आजच्या सभेतील व्यापारी बंधूंना तो गृहस्थ परका वाटणार नाही. याच व्यापाराची खूण अहिल्यानगर जिल्ह्यातही मिळाली. नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ पासून केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन थरांत रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली. प्रवरा आणि गोदा यांच्या काठची गावे राजधानीच्या अंगणातच होती.

राजधानीची दुसरी मिळकत दगडामातीत सापडत नाही. ती भाषेची आहे. हाल सातवाहनाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ माहाराष्ट्री प्राकृतात आहे. या प्राकृताच्या कुळातच मराठी जन्मली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दावा मांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष याच जिल्ह्यातील संगमनेरचे साहित्यिक रंगनाथ पठारे होते, आणि त्या दाव्याच्या आधारांत नाणेघाट व गाथासप्तशती यांना मोठे स्थान होते. त्याच निर्णयात प्राकृतालाही हा दर्जा मिळाला, याची आठवण वर्तमानपत्रांनी फारशी ठेवली नाही. वस्तुतः माहाराष्ट्री प्राकृत राजदरबारातून गेल्यावर ते कित्येक शतके जैन आचार्यांनी आपल्या चूर्णी, कथा आणि चरित्रांतून जपले. अभ्यासक त्या रूपाला जैन माहाराष्ट्री असे वेगळे नावच देतात.

प्रतिष्ठानच्या दरबाराशी परंपरेने पादलिप्तसूरी यांचे नाव जोडले आहे. त्यांनी ‘तरंगवती’ नावाची प्राकृत कथा रचली. नंतरच्या आचार्यांनी तिची मुक्तकंठाने स्तुती केली. आज मूळ तरंगवती उपलब्ध नाही. ‘तरंगलोला’ हा तिचा संक्षेप तेवढा शिल्लक आहे. एवढी गाजलेली कृती नाहीशी होण्यासाठी आक्रमण व्हावे लागत नाही. पुढच्या पिढ्यांत तिची नक्कल करणारा कोणी राहिला नाही, एवढे पुरते.

आता मुख्य थराकडे येऊ. निशीथसूत्रावर जिनदासगणी महत्तरांनी सातव्या शतकात लिहिलेल्या चूर्णीत ही हकीकत येते. आचार्य कालक यांना चातुर्मासात उज्जयिनी सोडावी लागली. ते प्रतिष्ठानकडे निघाले. तेथील राजा सातवाहन श्रावक होता. आचार्य येत आहेत हे कळताच तो श्रमणसंघासह सामोरा गेला आणि मोठ्या सन्मानाने त्यांचा नगरप्रवेश झाला. भाद्रपद शुद्ध पंचमीला पर्युषण करण्याचे आचार्यांनी सांगितले. राजा अडचणीत पडला. त्याच दिवशी नगरात इंद्रमह, म्हणजे इंद्रध्वजाचा उत्सव, असे. लोकरीतीप्रमाणे राजाला त्यात उपस्थित राहणे भाग होते. मग साधूंची उपासना आणि चैत्यांची पूजा कशी घडणार? त्याने विनंती केली की, पर्युषण षष्ठीला करावे. आचार्यांनी नकार दिला. ती रात्र ओलांडण्याची शास्त्राची आज्ञा नाही. मग राजाने विचारले, एक दिवस आधी, चतुर्थीला चालेल का? आचार्यांनी होकार दिला, कारण आधी करण्याला शास्त्राची आडकाठी नव्हती.

चूर्णीत याला जोडून आणखी एक नोंद आहे. राजाने अंतःपुरातील स्त्रियांना अमावास्येचा उपवास करून प्रतिपदेला साधूंना पारण्याचा आहार देण्यास सांगितले. लोकांनीही तसेच केले आणि तेव्हापासून महाराष्ट्र देशात ‘श्रमणपूजा’ नावाचा सण सुरू झाला. महाराष्ट्राचे नाव घेऊन तेथील जैन सणाची अशी नोंद सातव्या शतकात व्हावी, ही गोष्ट मराठी जैन माणसाने लक्षात ठेवावी इतकी मोलाची आहे. नेवासे-पाथर्डीपासून नगरपर्यंतच्या किती घरांत ती माहीत आहे?

या कथेकडे दोन डोळ्यांनी पाहिले पाहिजे. श्रद्धेचा डोळा राजाची नम्रता आणि आचार्यांचा विवेक पाहतो. इतिहासाचा डोळा काही प्रश्न विचारतो. कालक नावाचे आचार्य एकाहून अधिक झाले. गर्दभिल्ल राजाच्या कथेतील कालक वीर निर्वाण ४५३ च्या सुमारास, म्हणजे इ. स. पूर्व ७४ च्या सुमारास, येतात. चतुर्थीचा निर्णय मात्र काही ग्रंथ वीर निर्वाण ९९३ मध्ये, म्हणजे इ. स. ४६६ च्या आसपास, ठेवतात. हे दुसरे वर्ष धरले तर सातवाहनांचे राज्य संपून दोनशे वर्षे उलटून गेली होती. तेव्हा एक तर ते वर्ष चुकीचे, नाही तर राजा त्या घराण्याचा नव्हे. जैन परंपरेने ही दोन्ही वर्षे जपून ठेवली, एक सोयीचे म्हणून दुसरे पुसून टाकले नाही, हे तिच्या प्रामाणिकपणाचेच लक्षण मानावे लागेल.

तोच प्रश्न राजाच्या धर्माचा. सातवाहन जैन होते, असे स्मरणिकांतून ठासून लिहिण्याचा मोह होतो. शिलालेख वेगळे सांगतात. नागनिकेच्या लेखात अश्वमेधासह अनेक वैदिक यज्ञांची व त्यांत दिलेल्या दक्षिणांची यादी आहे. नाशिक-कार्ल्याला याच घराण्याने बौद्ध भिक्षूंना लेणी आणि जमिनी दिल्या. जैनांसाठी त्या काळाचा दगडी पुरावा लहानसा आहे. मावळातील पाले येथील लेण्यात अरिहंतांना नमन करून आरंभ होणारा, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला लेख आहे. इंदरखित नावाच्या भदंतांनी लेणे आणि पाण्याची पोढी करविल्याचे त्यात म्हटले आहे. एका यतीने खोदविलेले टाके हा महाराष्ट्रातील जैनांचा सर्वांत जुना कोरीव पुरावा! आणि नाणेघाटाच्या लेखात आरंभी ज्या देवांना नमन आहे, त्यांत इंद्रही आहे. ज्या घराण्याच्या राणीने इंद्राला वंदन कोरले, त्या घराण्याचा राजा इंद्रोत्सव सोडू शकत नव्हता, हे चूर्णीतील कथेशी किती जुळते! कथेतील राजा एकाच धर्माचा कैवारी नाही; तो सर्वांचा राजा आहे, म्हणूनच त्याला दिवस बदलून मागावा लागतो.

त्या निर्णयाचे पडसाद आजही उमटतात. मूर्तिपूजक श्वेतांबर समाज बहुतांशी चतुर्थीला संवत्सरी करतो. स्थानकवासी आणि तेरापंथी पंचमीला. दिगंबर बांधवांचे दशलक्षण पर्व पंचमीला सुरू होते. आचार्य सम्राट आनंदऋषीजी महाराजांची जन्मभूमी चिचोंडी आणि त्यांची कर्मभूमी पाथर्डी-नगर असलेल्या या जिल्ह्यात पंचमीची परंपरा बळकट आहे. पण चतुर्थीची घरेही त्याच गल्लीत आहेत. कोणता दिवस योग्य, हा निर्णय देण्याचे हे व्यासपीठ नव्हे. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, चूर्णीतील कथेत वाद नाही. राजाने अडचण सांगितली, आचार्यांनी मर्यादा सांगितली, आणि मर्यादेच्या आतली वाट दोघांनी शोधली.

सातवाहनांची सत्ता तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात मावळली. राजधानी गेली, गाव राहिले. नागघाटाच्या उत्खननात त्यानंतरच्या शतकांतील विटांच्या मंदिरांचे अवशेष मिळाले. दख्खनमधील बांधीव देवळांच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्यांची गणना होते. राष्ट्रकूट गोविंद तिसरा याचा शके ७१६ चा आणि यादव रामचंद्राचा शके ११९३ चा, असे दोन ताम्रपट पैठणातच सापडले. यादवकाळात पैठण ही धर्मनिर्णयाची पीठभूमी होती. शुद्धिपत्रासाठी ज्ञानदेवादी भावंडांना तेथे जावे लागले, आणि त्यानंतर नेवाशात १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, हे सर्वश्रुत आहे.

त्यानंतर चाळीसएक वर्षांनी पैठणला एक जैन आचार्य आले. खरतरगच्छाचे जिनप्रभसूरी. महंमद तुघलकाने त्यांचा दिल्लीत सन्मान केला होता. तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद करून तेथे राजधानी हलवल्याच्या त्या धामधुमीत सूरी दक्षिणेत आले आणि देवगिरीच्या संघासह प्रतिष्ठानच्या यात्रेला गेले. इ. स. १३३३ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या ‘विविधतीर्थकल्पा’त प्रतिष्ठानचा स्वतंत्र कल्प आहे. गंमत अशी की, कुंभाराच्या घरी वाढलेला, मातीचे हत्ती-घोडे करणारा आणि त्यांच्याच सैन्यानिशी उज्जयिनीच्या विक्रमाला हरवणारा शालिवाहन, ही मराठी आजीच्या तोंडची गोष्ट या जैन ग्रंथात सविस्तर आहे. खेळताना सवंगड्यांना मातीची वाहने वाटणारा म्हणून सातवाहन, अशी नावाची व्युत्पत्तीही तेथे दिली आहे. ती व्याकरणाला पटो न पटो, ऐकायला गोड आहे. या राजाने व त्याच्या वीरांनी जिनालये बांधल्याची परंपराही सूरींनी नोंदवली आणि मुनिसुव्रतस्वामींच्या लेप्यमय, म्हणजे लेपाने घडवलेल्या, प्रतिमेचा उल्लेख केला.

आज पैठणच्या दिगंबर जैन अतिशय क्षेत्रातील कासव लांछनाचे मूलनायक मुनिसुव्रतनाथ वालुकामय आहेत. वाळूची ती श्यामवर्ण प्रतिमा रामायणकाळातील खरदूषणाने घडवली, अशी श्रद्धा आहे. सूरींनी पाहिलेली प्रतिमा हीच, असे पुराव्याने म्हणता येत नाही. पण सातशे वर्षांपूर्वी एका श्वेतांबर आचार्यांनी याच नगरात याच तीर्थंकरांना वंदन केले आणि त्यांची दगडाची नसलेली प्रतिमा वर्णिली, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखाही नाही.

पुढचे थर भराभर चढले. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर होते आणि देवगिरी तेव्हा नगरच्या निजामशाहीकडे होती. जुन्या राजधानीच्या मुलखावर नव्या राजधानीची सत्ता चालत होती. नाथांनी १५९९ मध्ये देह ठेवला. दुसऱ्याच वर्षी मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. पुढे नदीच सीमा झाली. १९४७ पर्यंत अलीकडचा काठ इंग्रजी मुलखाचा नगर जिल्हा, पलीकडचा निजामाचा. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराच्या फुगवट्यात शेवगाव आणि नेवासे तालुक्यांतील गावठाणेही गेली. तेथल्या पांढऱ्या आता पाण्याखाली आहेत. हल्ली दोन काठांमध्ये बोलणे होते ते बहुधा पाणी सोडण्याच्या वादापुरतेच.

पाण्याखाली गेलेले परत आणता येत नाही. पण काही थर श्रावकांच्या स्वतःच्या हातांनी, आणि तेही भक्तिभावाने, पुसले जात आहेत. जीर्णोद्धारात जुन्या प्रतिमांना वज्रलेप दिला जातो, पादपीठे नव्या संगमरवरात बसवली जातात, धातूच्या पंचतीर्थी घासूनपुसून लखलखीत केल्या जातात. त्या पीठिकेवर दोन-तीन ओळींचा लेख असतो. त्यात संवत, तिथी, गच्छ किंवा गण, आचार्य वा भट्टारक, प्रतिष्ठा करविणारा श्रावक, त्याची ज्ञाती, कधी गावाचे नाव. संवत १५४८ च्या वैशाख शुद्ध तृतीयेला जीवराज पापडीवाल यांनी प्रतिष्ठित करविलेल्या प्रतिमा देशभरातील असंख्य दिगंबर मंदिरांत पोचल्या, हे केवळ अशा लेखांमुळे कळले. ते वर्ष म्हणजे इ. स. १४९१ चा सुमार. मलिक अहमद नगर वसवण्याच्या उद्योगात होता, तोच काळ. लेख झिजला की ती प्रतिमा पूज्य राहते, पण मुकी होते.

यासाठी मोठा खर्च लागत नाही. लेप देण्यापूर्वी पीठिकेवर बाजूने तिरपा उजेड पाडून छायाचित्र घेतले की झिजलेली अक्षरेही उठून दिसतात, आणि प्रतिमेला स्पर्शही करावा लागत नाही. बाहेरच्या शिळेवरचा लेख असेल तर ओला कागद त्यावर थोपटून बसवावा, अक्षरांच्या खाचांत तो गेला की वरून शाईचा बोळा फिरवावा आणि वाळल्यावर अलगद उचलावा. जाणकाराच्या हाताखाली एकदा पाहिले की तरुणांनाही जमते. धातूच्या मूर्तींच्या पाठीमागचा लेख चिंच-राखेने घासण्याआधी उतरवून घ्यावा. उपाश्रयात आणि स्थानकात बासनात बांधून ठेवलेल्या पोथ्या कोणत्या, त्यांची शेवटची पाने शाबूत आहेत का, नक्कल कोणी, कोठे, कोणत्या साली केली, याची एक वही प्रत्येक गावच्या संघाने करावी. पोथी वाचता आली नाही तरी चालेल. शेवटच्या पानाचे छायाचित्र वाचणारा कोठे ना कोठे भेटतो. या वहीची एक प्रत गावात आणि एक प्रत गावाबाहेर असावी.